सत्यमभैय्याचा सत्कार

रोहिणी आष्टीहून आली ती हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता सरळ बापाच्या खाटेपाशी गेली. आबांचा डावा गाल सुजला होता, कानाखाली काळंनिळं उमटलं होतं. तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, नीट पाहिलं आणि मग भावाकडं फिरली.

"कुणी मारलं ते सगळ्या माजलगावाला ठाऊक हाय. मला एवढंच सांग भाऊ, तू आतापस्तोर काय करायलास?"

हनुमान काय करत होता? हनुमान बशीत चहा ओतत होता. बाप मार खाऊन आला त्या दिवसापासून या माणसानं चहा पिण्याशिवाय दुसरं काही धड केलं नव्हतं, आणि जे केलं होतं ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"बस तर खरं. पाणी पी."

"पाणी नको मला. ठाण्यात गेलतास का?"

"न्हाई."

"कावून?"

"कावून म्हंजे? सत्यमनं मारलं म्हून सांगू तिथं? मी घरी पोचायच्या आत त्याला कळंल. उद्या माझ्या दुकानाचं शटर वर जायचं न्हाई."

"शटर! बापाच्या कानाखाली वाजली अन् ह्याला खताच्या दुकानाची पडलीय. शाब्बास रे बहाद्दर!"

खाटेवर बसलेले सुंदरराव यातलं काही ऐकत नसल्यासारखे भिंतीकडं बघत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

कालव्याकडच्या खोल्यांचं दुखणं आजचं नव्हतं. सिंदफणेवर धरण झालं, घराचं काळं रान पाण्याखाली गेलं, आणि मावेजाच्या पैशातून सुंदररावांच्या वडलांनी गावाबाहेर कालव्याच्या अंगाला या खोल्या ओळीनं बांधल्या. मरताना त्यांनी पोराला दोन गोष्टी बजावल्या. भाडेकरूच्या दारात दर आठवड्याला जायचं, आणि त्याच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही. जागा आपली असली तरी घर त्याचं. सुंदररावांनी हे व्रतासारखं पाळलं. दर गुरुवारी जायचं, ओट्यावर टेकायचं, कुणाचा नळ गळतो, कुणाच्या पत्र्याला भोक पडलं ते विचारायचं, लेकरांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे आणि परत यायचं. पुढं बायपास झाला. वाळूचे हायवा ट्रक त्या रस्त्यानं धावायला लागले, कोपऱ्यावर दारूचा अड्डा बसला, नोकरदार भाडेकरू एकेक करून निघून गेले. दिवसाढवळ्या तिथं चाकू निघायचे. घरच्यांनी हजारदा सांगितलं की जाऊ नका, गेलात तर कुणाला तरी संगं न्या. पण म्हातारा ऐकेल तर शपथ. म्हणायचा, मपल्याच दारात जायला मला राखणदार कशाला?

गेल्या गुरुवारी कोपऱ्यातली रिकामी खोली उघडी दिसली. आत गाद्या टाकून पोरं पत्ते खेळत होती. सुंदररावांनी ओट्यावरूनच विचारलं, "बाबांनो, तुमी कोण? ही खोली तर मी कुणाला दिल्याली न्हाई." त्या पोरांत सत्यम होता, वाळूवाला सत्यम, ज्याला अख्खा तालुका भैय्या म्हणतो. त्यानं म्हाताऱ्याची गचांडी धरून त्याला उंबऱ्याच्या आत ओढलं, कानाखाली वाजवली आणि कान धरून उभं केलं. पोरांनी मोबाईलवर त्याचं चित्रण केलं. रोहिणीला ते आष्टीच्या बाजारात मेथी निवडता निवडता दिसलं.

"मी बयान देणार हाय," सुंदरराव अचानक बोलले. तोंड सुजल्यामुळं शब्द जड येत होते. "सरूबाई साक्ष द्यायला तयार हाय. उद्या सकाळी ती घरी येणार. हितनंच ठाण्यात जायचं ठरलंय."

सरूबाई ही खोल्यांमधली सगळ्यात जुनी भाडेकरीण. अंगणवाडीत मदतनीस, नवरा वारलेला, लेक जीवन पुण्याला कंपनीत. त्या दिवशी ओळीतल्या सगळ्यांनी दारं लावून घेतली होती. ती एकटी बाहेर आली, आबांना हात धरून उठवलं आणि रिक्षात बसवलं.

"बघ!" रोहिणी म्हणाली. "ती बाई परकी असून उभी राहती, अन् तू पोटचा पोरगा असून…"

"आबा, तुमाला बयान द्यायचं न्हाई," हनुमान म्हणाला. "मी मिटवलंय."

"काय मिटवलंय?"

हनुमाननं बशी खाली ठेवली. "उद्या संध्याकाळी भैय्या आपल्या घरी येणार हाय. आपण त्याचा सत्कार करायचा. शाल, नारळ, फेटा. फोटो काढायचा, चार लोकांनी बघायचा. म्हंजे गैरसमज मिटला. पुन्हा आबांच्या अंगाला कुणी बोट लावणार न्हाई, असा शब्द दिलाय त्यानं."

आतून कुकरची शिट्टी झाली.

"सत्कार," रोहिणी म्हणाली. "मारलं म्हून सत्कार. आरं, तो नारळ त्याच्या टाळक्यात घाल की!"

"तुला काय जातंय बोलायला? तू परवा आष्टीला जाशील. आमाला हितं राहायचंय."

"मंग रहा की बांगड्या भरून!"

"थांब गं," सुंदरराव म्हणाले. त्यांनी पहिल्यांदा पोराकडं नीट बघितलं. "हनुमान, मला मारताना तो काय म्हणला, ते मी आतापस्तोर घरात बोललो न्हाई. आज ऐक. तो म्हणला, 'बोर्ड तुझ्याच पोरानं लावलाय म्हाताऱ्या, म्हंजे जागा आमची झाली.' मी वर बघितलं. खिडकीतनं तुझा फोटो दिसत व्हता. हात जोडल्याला."

बोर्ड हनुमाननंच लावला होता, स्वतःच्या खर्चानं. गेल्या वर्षी सत्यमच्या वाढदिवसाला, खोल्यांच्या दर्शनी भिंतीवर, खिडकीच्या वरून अंगणावर झुकलेला. वर गॉगल घातलेला सत्यम आणि खाली शुभेच्छुक म्हणून हात जोडलेला हनुमान. हिशेब सरळ होता. आजूबाजूचे टपोरी बोर्ड बघतील, ही जागा भैय्याच्या माणसाची आहे असं समजतील आणि आबांच्या वाटेला जाणार नाहीत. म्हातारा ऐकत नाही, तर निदान वरून छत्र असावं. आपल्याकडं सगळेच असं करतात. पानटपरीवाला करतो, डॉक्टर करतो, शाळा काढणारा करतो. कुणाचा तरी बोर्ड लावल्याशिवाय या जिल्ह्यात भिंतसुद्धा सुखानं उभी राहत नाही. कुंपणच शेत खाईल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तुमच्यासाठीच लावलता आबा," तो म्हणाला. "तुमच्या जिवाला घोर नको म्हून. मला काय हौस व्हती का?"

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच कुणाला त्याच्यावर धड ओरडताही येईना.

रोहिणीनं पदरानं नाक पुसलं. "मी ठाण्यात येते आबांसंगं. कोण येतंय मधी ते बघते."

"ये," हनुमान म्हणाला. "फक्त एक फोन दाजींना कर. त्यांच्या टोळ्या यंदा कुणाच्या कारखान्यावर लागल्यात ते इचार. अन् तिथला सगळा वाहतुकीचा ठेका कुणाच्या मामाकडं हाय, तेबी इचार."

रोहिणीचा नवरा मुकादम होता. आष्टीकडची ऊसतोड माणसं घेऊन दरसाल इकडं यायचा. ती फोन घेऊन अंगणात गेली. बराच वेळ तिचं बोलणं ऐकू येत राहिलं, आधी मोठ्यानं, मग हळू, मग फक्त 'हं' आणि 'हं'. आत आली तेव्हा ती भावाशेजारी बसली. ती कुणाच्या बाजूला गेली हे सगळ्यांना तिच्या बसण्यावरूनच कळलं.

"आबा," ती खाली बघत म्हणाली, "एवढ्या एका टायमाला भाऊचं ऐका."

दारात उभी असलेली शिवकन्या, हनुमानची बायको, तेव्हा बोलली. या घरात सून मोठ्या माणसांच्या बोलण्यात पडत नाही, पण सासऱ्याकडं बघून तिला राहवलं नाही. "मामांची इच्छा न्हाई तर कावून जबरदस्ती करायची? सत्कार केल्यावर तो खोली सोडणार हाय का?"

"तू आत जा," हनुमान म्हणाला.

"सोडणार हाय का, एवढंच इचारलं."

"आत जा म्हणलं ना!"

ती आत गेली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

भामाबाईंना उत्तराची गरजच नव्हती. त्या पहिल्यापासून देवघराच्या उंबऱ्यावर बसून सगळ्यांचं ऐकत होत्या. पोरं उठून गेल्यावर त्या नवऱ्याच्या खाटेशी जमिनीवर येऊन बसल्या. गेल्या गुरुवारी रिक्षा दारात थांबली आणि आतून टोपीवाचून, विस्कटलेल्या केसांचा आपला माणूस उतरला, तेव्हाच त्यांचं ठरलं होतं. लग्नापासून त्या माणसाला त्यांनी घराबाहेर उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं.

"आवं, मला खोल्या नकोत," त्या म्हणाल्या.

"माझ्या बापानं बांधल्यात त्या."

"तुमच्या बापाचं काळं रान धरणात गेलं, तवा तुमी मेला का? न्हाई ना? मंग खोल्या गेल्या म्हून काय व्हतंय? मला मपलं कुंकू पायजे. त्या कालव्यात आतापस्तोर किती माणसं सापडली, तुमाला ठाऊक हाय. एका दिवशी मला तिथं वळखायला बोलावतील."

"भामा, मला त्यानं कान धराय लावले गं."

"बघितलं मी."

सुंदरराव दचकले. "तूबी बघितलं?"

"संस्कृतीच्या मोबाईलवर. नात रडत व्हती, म्हून बघितलं."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मारापेक्षा हे जास्त लागलं. बायकोनं बघितलं, नातीनं बघितलं, आणि इतके दिवस दोघी आपल्याला काही घडलंच नाही अशा जेवायला वाढत होत्या. आता कुणासाठी अब्रू राखायची होती? ज्यांच्यापुढं राखायची त्यांनी तर ती जाताना बघितली होती.

भामाबाईंनी त्यांचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ हाय. ठाण्यात जायचं न्हाई. पोरगं म्हणतंय तसं करा."

मग सुंदररावांनी सुनेला हाक मारली.

"शिवकन्या, उद्या सकाळी सरूबाई आली की तिला दारातच सांग. म्हणावं, आबांनी बयान द्यायचं रद्द केलंय. म्हणावं, तूबी कुणापुढं काय बोलू नको, अन् गुपचूप कामावर जा."

"आत्ताच फोन करते की मामा."

"फोन नको. ती पोरं दिवसभर तिच्या ओट्यावर बसून असतात. तिच्या तोंडून ठाण्याचं नाव निघालं अन् कुणी ऐकलं तर? आली की सांग. तो तर संध्याकाळी येणार हाय."

मालक म्हणून आयुष्यभर भाडेकरूंची काळजी घेतलेल्या माणसानं हेही काळजीपोटीच केलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी शिवकन्या सडा टाकून दारातच घुटमळत होती. सरूबाई दिसली की कोपऱ्यावरच गाठायची, असं तिनं ठरवलं होतं. कोपऱ्यावरून आली ती काळी गाडी. मागं दुसरी. दारं उघडली, पोरं उतरली, आणि सत्यम चपला बाहेर काढून, खाली वाकून आत आला.

"भाऊ, संध्याकाळी धारूरला लग्न हाय. म्हणलं सकाळीच उरकून घिऊ," तो हनुमानला म्हणाला. "काकू, नमस्कार. वहिनी, चहा करा, साखर कमी टाका."

दिसायला पोरगा वाईट नव्हता, आणि वागायला तर घरच्या भाच्यासारखा. भामाबाईंच्या पाया पडला. रोहिणीला "ताई, कधी आलात? दाजी बरे हायत ना?" असं विचारलं. दाजींचं नाव त्याच्या तोंडी ऐकून रोहिणी पांढरी पडली. शिवकन्येला दार सोडून स्वयंपाकघरात जावं लागलं. तिनं गॅस पेटवला, आणि एक डोळा सारखा खिडकीकडं ठेवला.

बैठकीत गडबड उडाली होती. शाल होती, नारळ होता. हनुमाननं बाजारातून आणलेला तयार फेटा खोक्यातून काढला, तसा सत्यम हसला.

"हे रेडिमेड नको भाऊ. आबांच्या हातचा पायजे. गावात कुणाचंबी लग्न आसू दे, नवरदेवाला फेटा आबाच बांधत्यात म्हणं. मंग आमीच काय पाप केलं?"

कुणीतरी हसलं. भामाबाई ट्रंकेतून जरीचा लाल कपडा घेऊन आल्या. तो देताना त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं नाही.

सुंदरराव उठले. सत्यम खुर्चीत बसला. कपड्याचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं म्हाताऱ्यानं. पहिला वेढा, दुसरा वेढा. डोकं रिकामं झालं होतं, पण हातांना काम ठाऊक होतं. या हातांनी हनुमानला नवरदेव केलं होतं, भाच्यांना, पुतण्यांना, भाडेकरूंच्या पोरांनासुद्धा. सरूबाईच्या जीवनचं लग्न लागलं, तेव्हा तिच्या ओट्यावर बसून त्यांनीच बांधला होता. आता त्यांच्या बोटांखाली सत्यमचं कपाळ होतं, कोमट, तेल लावलेलं. आपला गळा याच्या मुठीत होता आणि आता याचं डोकं आपल्या हातात आहे, असं त्यांच्या मनात आलं. पण हातात आहे म्हणून आपण काय करणार? घडी नीट बसवणार, दुसरं काय! त्यांना स्वतःची शिसारी आली. फोटो काढणारा पोरगा म्हणाला, "आबा, जरा हसा की."

"आबा, आता बिनघोर खोल्यांवर येत जावा," सत्यम मान न हलवता म्हणाला. "तुमाला कुणी काय बोललं तर मी हाय. तुमचा चहा आता कोपऱ्यातल्या आपल्या ऑफिसात."

"ऐकलं ना आबा?" हनुमान म्हणाला. त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा झाला होता.

शिवकन्येला दुधावर लक्ष ठेवावं लागलं तेवढीच फट पडली. तिनं वर बघितलं तेव्हा सरूबाई अंगण ओलांडून दारात उभी होती. इस्त्रीची निळी साडी, चापूनचोपून बांधलेले केस, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. गाड्या बघूनही ती आत आली होती. आबांच्या घरी कुणीतरी पाव्हणे आले असतील, असं तिला वाटलं असावं.

तिनं खुर्चीत बसलेल्याकडं बघितलं. मग त्याच्या डोक्यावर फेटा बांधणाऱ्याकडं बघितलं.

"मावशी?" सत्यम म्हणाला. "तुमी इकडं कावून? अन् आधार कार्ड घिऊन?"

सरूबाई आबांकडं बघत राहिली. बैठकीतल्या सगळ्यांनीच आबांकडं बघितलं.

"भाडं द्यायला आली आसंल," सुंदरराव म्हणाले. जन्मभर ज्याच्या दारात भाडेकरू भाडं घेऊन आले त्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय होतं? "भाडं द्यायला आलीस ना गं सरू?"

"व्हय," ती म्हणाली. "भाडंच."

सत्यम गालात हसला. "भाडं तर तिनं मपल्याकडं दिलंय की आबा. सगळ्यांनीच दिलंय. भाऊ, तुमी सांगितलं न्हाई का आबांला?"

हनुमान जमिनीकडं बघायला लागला. शिवकन्येला काल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता मिळालं. खोल्या केव्हाच गेल्या होत्या, आणि ते हनुमानला माहीत होतं. उरला होता तो नुसता म्हाताऱ्याचा जीव. त्याच्याच सौद्यासाठी हा नारळ आणि ही शाल मांडली होती.

"तुरा राहिला आबा," सत्यम म्हणाला.

सुंदररावांनी तुरा वर काढला, सारखा केला. फोटो निघाले. सत्यम उठला, वाकून त्यांच्या पाया पडला. मग फेटा सावरत दाराकडं गेला आणि सरूबाईच्या हातातली पिशवी हलकेच काढून घेतली.

"चला मावशी, मी सोडतो. गाडी हायच."

"मी जाते चालत," सरूबाई म्हणाली.

"उन्हात कशाला? चला."

"मी येते संगं," शिवकन्या स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. हनुमाननं तिचं मनगट धरलं. ती हिसका द्यायला गेली, तर दुसऱ्या बाजूनं रोहिणीनं दंड धरला. नणंद रडत होती, पण हात सोडत नव्हती.

"सत्यम," सुंदरराव म्हणाले. ते दारापर्यंत गेले. "मी येतो. मला घिऊन चल. आज गुरुवार हाय."

"तुमी दमलात आबा. पुढच्या गुरुवारी या," सत्यम आदबीनं म्हणाला.

सरूबाईनं गाडीत बसताना एकदाच मागं वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दार लागलं, दोन्ही गाड्या वळल्या आणि कालव्याकडच्या रस्त्याला लागल्या.

शिवकन्येचा हात आता दोघांनीही सोडला होता. धरून ठेवायचं कारण उरलं नव्हतं. तिनं फोन काढून ठाण्याचा नंबर शोधायला सुरुवात केली. हनुमाननं तो काढून घेतला नाही, फक्त म्हणाला, "काय सांगशील? कुणाला नेलं म्हून सांगशील? आपल्या घरातनं, आपल्यासमोर, तिच्या पायानं गेली ती."

तिचं बोट थांबलं.

भामाबाईंनी खाली सांडलेल्या अक्षता गोळा केल्या. नवरा दारातच उभा आहे हे बघून त्या जवळ गेल्या, त्याची बाही धरली.

"आत चला. ऊन लागंल."

"भामा," सुंदरराव म्हणाले. ते मोठ्यानं, लहान पोरासारखे रडायला लागले होते. "आता मला कुणी हात लावणार न्हाई बघ. तुला हेच पायजे व्हतं ना? आता मला कुणीच हात लावणार न्हाई."